देवाच्या भिंतीमागचं खोकं

लग्नाला दीड वर्ष झाल्यावर मी पिंपरीला नांदायला आले, आणि पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते तोच ह्यांनी घरी ससा आणला. नवी बायको घरात आली की माणूस गजरा आणतो, फार तर काचेच्या बांगड्या आणतो. ह्यांनी कोटाच्या आतून एक पांढरा, लाल डोळ्यांचा, थरथरणारा जीव काढला आणि माझ्या ओच्यात ठेवला. सांभाळशील का, असंही विचारलं नाही. "याला ताप येतो," एवढंच म्हणाले.

हे तेव्हा औषधांच्या एका कारखान्यात नुकते लागले होते. तिथे इंजेक्शनचं औषध बाहेर पाठवण्याआधी ते थोडंसं सशांना टोचून बघायचे. सशाला ताप चढला तर औषधात खोट, नाही चढला तर औषध चांगलं. ह्यांचं काम सशांचा ताप मोजायचं. शिफ्टभर ओळीने बसवलेल्या सशांना थर्मामीटर लावायचा आणि वहीत आकडे लिहायचे. थर्मामीटर नेमका कुठे लावतात ते मला बऱ्याच उशिरा कळलं. त्यानंतर माहेरी कुणी ह्यांच्या नोकरीबद्दल विचारलं की मी नुसतं ‘तपासणीचं काम आहे’ म्हणायला लागले.

तर हा ससा असा, की औषध न टोचताच याचा ताप चढायचा. कुणी हात लावला की कान गरम. घाबरटच तो. असला ससा त्या कामाचा नाही, म्हणून साहेबांनी तो काढून टाकायला सांगितलं. काढून टाकलेला ससा कुठे जातो हे सगळ्यांना ठाऊक होतं. दोघं जण पिशव्या घेऊन दारातच उभे होते आणि त्यातला एक मसाला कुठला घालायचा ते दुसऱ्याला सांगत होता. ह्यांनी थंडी नसताना कोट घातला आणि ससा त्यात घालून सरळ घरी आले.

आता ते घर म्हणजे काय, तेही सांगते. माझं सासर कोकणात. घरात तेरा माणसं, त्यांत धाकटी सून मी. हे आधी खडकीत खानावळीत जेवायचे आणि चौघांत मिळून एका खोलीत झोपायचे. दीड वर्षात मी नवऱ्याला एक गणपती आणि दोन शिमगे एवढंच पाहिलं होतं. पिंपरीत कारखाने उभे राहत होते, माणसं लोंढ्याने येत होती आणि एकेका खोलीसाठी दहा-दहा जण फिरत होते. अशात ह्यांना गावातल्या एका जुन्या घराच्या मागच्या अंगाची खोली मिळाली, तेव्हा कुठे मी सासूबाईंच्या पाया पडून ट्रंक उचलली. खोली नऊ हात लांब आणि पाच हात रुंद. जमीन शेणाने सारवलेली, एक खिडकी, आणि परसात उघडणारं आपलं स्वतंत्र दार. मला तो राजवाडा होता. त्या खोलीत भाजीत मीठ किती घालायचं ते मी ठरवत होते. ही खोली गेली की मी परत कोकणात आणि हे परत खानावळीत, हे मला रोज सकाळी डोळे उघडल्या उघडल्या आठवायचं.

मालकीणबाईंना सगळं गाव आक्का म्हणत असे. पन्नाशीच्या असतील. काटक, कपाळावर गोंदण, कमरेला पदर घट्ट खोचलेला. नवरा वारलेला. पुढच्या घरात त्या एकट्या आणि गोठ्यात त्यांच्या दोन म्हशी. खोली देताना त्यांनी भाड्याबद्दल फारशी घासाघीस केली नव्हती. अट एकच घातली होती. "घान चालायची न्हाई. घान दिसली की दुसऱ्या दिशी खोली खाली." हे त्यांनी अशा काही सुरात सांगितलं होतं की मी पहिले चार दिवस चुलीतली राखसुद्धा पदराआड लपवून बाहेर नेली.

ससा त्यांनी पहिल्याच संध्याकाळी पाहिला. दारात उभ्या राहून बराच वेळ पाहिला. मग "घान न्हाई झाली पायजे," म्हणाल्या आणि गेल्या. आणि सकाळी उठून पाहते तो खोलीभर लेंड्या! वाटाण्याएवढ्या, गोल, कोरड्या. पाटाखाली, ट्रंकेमागे, ह्यांच्या बुटात. एका कोपऱ्यात तर सारवणाचा पोपडाच उचलला गेला होता. आक्का म्हशी धुऊन येईपर्यंत मी खोली झाडली, कोपरा सारवला आणि ह्यांना म्हटलं, "एक तर हा ससा शहाणा करा, नाहीतर माझं परतीचं तिकीट काढा."

ह्यांना वाटलं होतं मी ससा परत न्या म्हणेन. मी तसं म्हटलं नाही म्हणून त्यांना एवढा आनंद झाला की लगेच कामाला लागले. कारखान्यातले ससे पिंजऱ्यातला एकच कोपरा धरतात, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणजे यालाही एक जागा नेमून दिली की झालं. निर्वासितांच्या कॅम्पातल्या एका सिंधी दुकानदाराकडून त्यांनी चहाचं रिकामं खोकं आणलं. एक बाजू करवतीने कापून बुटकी केली, आत भुसा घातला आणि खोकं दाराजवळ ठेवलं. मग ऐटीत एक नवी वही काढली. सशाने कधी काय केलं याच्या नोंदी त्यात करायच्या होत्या. माणूस शिफ्ट संपवून घरी येतो तो विसावा घ्यायला. आमचे हे घरी येऊन पुन्हा सशाची वही लिहायला बसायचे.

सशाला खोकं पसंत नव्हतं. हे त्याला उचलून खोक्यात ठेवायचे. तो कान पाडून, डोळे वटारून जिथल्या तिथे बसायचा. पाच मिनिटांनी उडी मारून बाहेर यायचा, सावकाश समोरच्या कोपऱ्यात जायचा आणि आमच्याकडे बघत बघत तिथे कार्यभाग उरकायचा. हे वहीत वेळ लिहायचे. मी फडकं घेऊन धावायची. असं चार दिवस चाललं.

पाचव्या दिवशी मला त्याची दया आली. शिकवून तयार करणं म्हणजे काय असतं, ते मी नुकतंच सोसून आले होते. सासरी मला कुठे बसायचं, कुठे नाही, ओलं लुगडं कुठल्या दांडीवर टाकायचं, हसताना आवाज कुठवर जाऊ द्यायचा, हे सगळं दीड वर्ष शिकवलेलं. मला उचलून ठेवत नव्हते, एवढाच काय तो फरक. मी ह्यांना म्हटलं, "अहो, त्याने आपली जागा धरलीय. तो त्याच कोपऱ्यात जाणार. आपणच खोकं तिकडे नेऊ या की." ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी इंग्रजीतून बोलले. मग वहीत लिहिलं: ‘खोके सशाकडे नेले.’ पुढे कारखान्यात चारचौघांना सांगताना ही युक्ती त्यांचीच झाली होती, ते सोडा.

खोकं कोपऱ्यात नेलं आणि तरी जमेना. दोन दिवस खोक्यात, तिसऱ्या दिवशी पुन्हा ह्यांच्या बुटात. याचं कारण आम्ही दोघं होतो, पण ते कळायला आठवडा गेला. मी कोकणस्थ घरात वाढलेली. रोज सकाळी ते खोकं परसात नेऊन राखेने घासायची, घडाभर पाण्याने धुवायची आणि उन्हात वाळवायची. हे कारखान्यातले. त्यांना तेवढ्याने समाधान नव्हतं. ते कसलंसं उग्र वासाचं औषध पाण्यात घालून वरून आणखी एकदा धुवायचे. ससा खोक्याजवळ यायचा, हुंगायचा, दोनदा शिंकायचा आणि निघून जायचा. त्या बिचाऱ्याला रोज सकाळी नवं खोकं मिळत होतं. आपलं ते कुठलं, हे त्याला कळणार कसं?

एक दिवस माझं डोकं फार दुखत होतं आणि ह्यांना ओव्हरटाइम होता. खोकं तसंच पडून राहिलं. संध्याकाळी ससा ऐटीत चालत गेला, खोक्यात चढला, दोन वेळा गोल फिरला आणि अगदी घरच्यासारखा बसला. मी पडल्या पडल्या पाहिलं आणि डोकेदुखी विसरून हसत सुटले. तेव्हापासून घाणेरड्या भुशाची एक मूठ आम्ही मुद्दाम आत ठेवायला लागलो. ती मूठ ठेवताना पहिल्यांदा मी डोळे मिटून घेतले. वर मी त्याला हिरवा लसूणघासही खोक्यातच घालायला लागले, कारण खाता खाताच त्याला मोकळं व्हायची सवय होती. ह्यांना ते बघवायचं नाही. "अगं, हा जेवताना..." म्हणून तोंड फिरवायचे. मी म्हणायची, "तुम्ही जेवताना पेपर वाचता. तो बिचारा वाचत तरी नाही."

अशाने तीन आठवड्यांत ससा पक्का झाला. ह्यांच्या वहीत सलग आठ दिवस एकही चूक नव्हती. खोलीत कुठे लेंडी नाही, डाग नाही, वास नाही. मी पिंपरीला आल्यापासून पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. आणि आम्हाला दोघांनाही एकदमच वाटलं की हे आक्कांना दाखवायला हवं. त्यांनी घाण नको म्हटलं होतं ना? मग पाहा म्हणावं, जनावर असून कसं माणसासारखं वागतंय.

मी रव्याचा लाडू केला, चहा ठेवला आणि आक्कांना बोलावलं. त्या आल्या, पाटावर बसल्या. हे शाळेतल्या मास्तरासारखे उभे. सशाने तर आमची लाजच राखली. आक्का बसल्या न बसल्या तोच तो डुलत डुलत कोपऱ्यात गेला, खोक्यात चढला आणि घास खाता खाता आपलं काम करायला लागला.

"त्यात काय करतंय त्ये?" आक्कांनी विचारलं.

"सगळं!" हे म्हणाले. आवाजात एवढा अभिमान, जणू पोरगं मॅट्रिक झालंय. "रोज त्यातच. ठरल्या जागी. बाहेर एक थेंब नाही, आक्का."

आक्का हळूच म्हणाल्या, "म्हंजी माज्या घरात तुमी संडास केलाय?"

मी घाईघाईने म्हटलं, "अहो आक्का, घाण होऊ नये म्हणून तर..."

"कसली घान? लेंड्या म्या पयल्या दिशीच बघितल्या हुत्या. शेळी टाकती, करडू टाकतंय. झाडून घ्येतलं की झालं. त्याला कुनी घान म्हनतंय व्हय? पर जागा नेमून रोज तितंच बसायचं, म्हंजी त्यो संडासच की! आमी मान्सं उटून माळावर जातो, आन् तुमी जनावराला घरात बसवताय?" त्या उठल्या. कोपऱ्यातल्या भिंतीकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "ह्या भितीपल्याड काय हाय, ठावं हाय का तुमाला? माजा देव हाय."

आम्हाला ठाऊक नव्हतं. सशालाही नव्हतं. भिंतीच्या अलीकडे खोकं आणि पलीकडे आक्कांचा देव्हारा. दोन्ही नेमके एकमेकांना पाठ लावून.

"बारा दिसांनी घट बसत्यात," आक्का म्हणाल्या. "तवर ह्यो संडास माज्या घरातनं ग्येला पायजे. न्हाईतर घटाच्या दिशी खोली खाली करा. खोलीला मान्सं रोज दारात येत्यात." लाडवाला त्यांनी हात लावला नाही. चहा तसाच राहिला.

मला राग आला आणि त्याहून जास्त रडू आलं. पण खरं सांगते, त्यांचं काही चुकलं होतं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. त्या आळीत एकाही घरात संडास नव्हता. सगळी माणसं तांब्या घेऊन पहाटे बाहेर जात, आणि ती बाहेरची गोष्ट बाहेर राहते म्हणूनच घर घर असतं, असंच सगळे मानत. आम्ही तीन आठवडे रक्त आटवून नेमकी ती गोष्ट आत आणून बसवली होती. ती मेली इकडे-तिकडे पडणारी लेंडी आक्कांना चालत होती आणि आम्ही तिच्यामागे फडकं घेऊन धावत होतो.

ह्यांनी वही मिटली. बराच वेळ सशाच्या पाठीवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "कुणी तरी घेईल त्याला. पिशवीवाले आहेतच. तू सांगशील तसं करू." तू सांगशील तसं! तेरा माणसांच्या घरात दीड वर्षात हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. सासूबाईंना विचारा, थोरल्या जाऊबाईंना विचारा, हेच ऐकत आले होते. मला खोली सशापेक्षा शंभर पटीने प्यारी होती, हे कबूल करायला मला लाज नाही. पण माझ्या स्वतःच्या संसारात मी ठरवायची पहिली मोठी गोष्ट आली, आणि ती सशाला पिशवीवाल्याच्या हाती द्यायची, हे मला पटेना. मी म्हटलं, "खोकं बाहेर न्यायचं. रोज एक हात. खोली नऊ हातांची आहे आणि आपल्याकडे अकरा दिवस आहेत."

"आणि नाही जमलं तर?"

"तर मी कोकणात जाईन आणि ससाही घेऊन जाईन. तुम्ही जेवा खानावळीत." आवाज मी मोठा काढला होता खरा, पण त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून खोकं निघालं. हे सकाळी कामावर जाण्याआधी खडूने जमिनीवर रेघ मारायचे आणि खोकं रेघेपर्यंत सरकवायचे. ससा पहिल्या दिवशी जुन्या कोपऱ्यात गेला, तिथे काही सापडेना म्हणून वळला, हुंगत हुंगत हातभर पुढे आला आणि चढला. दुसऱ्या दिवशी तसंच. आक्का रोज म्हशींची धार काढून परत जाताना दारात थांबायच्या. खडूची रेघ बघायच्या, भिंतीपासूनचं अंतर नजरेने मोजायच्या आणि जायच्या. पाचव्या दिवशी खोकं खोलीच्या मधोमध आलं. आम्ही दोघं आणि ससा तिघंही खोक्याला वळसा घालून चालत होतो. त्या दिवशी आक्का गेल्यावर पाहते तो उंबऱ्यावर घासाची एक पेंडी पडलेली. त्यांच्या म्हशींच्या वाट्याची होती. विसरून राहिली म्हणावं, तर आक्का काही विसरणाऱ्या नव्हत्या.

दहाव्या दिवशी संध्याकाळी खोकं उंबऱ्याला आतून टेकलं. अकराव्या दिवशी, म्हणजे अमावास्येला, सकाळी ह्यांनी ते उचलून बाहेर परसात, वळचणीखाली ठेवलं. उद्या घट. त्या दिवशी ह्यांना सुट्टी होती. दार सताड उघडं ठेवून आम्ही दोघं सशाकडे बघत बसलो.

ससा उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. त्याने उभ्या जन्मात आभाळ पाहिलं नव्हतं. कारखान्यातल्या पिंजऱ्यात जन्मला, कोटातून इथे आला. पुढचे दोन्ही पाय उंबऱ्यावर टेकून तो नाक हलवत राहिला. खोकं हातभर पलीकडे. वास येत होता, दिसत होतं, पण उडी काही मारेना. मागे फिरून खोलीत चक्कर मारायचा, पुन्हा उंबऱ्याशी यायचा. सकाळ गेली. त्याने घास खाल्ला नाही. दुपार झाली. जागा सोडून करायचं नाही हे त्याला आम्ही इतकं पक्कं शिकवलं होतं की बिचारा पोट धरून बसला होता. मी त्याला उचलून खोक्यात ठेवलं, तर लटलटा कापला आणि उडी मारून परत आत. कान तव्यासारखे तापलेले.

उन्हं कलली तेव्हा माझा धीर सुटला. उद्या सकाळी ट्रंक भरायची, एवढंच डोळ्यांसमोर दिसायला लागलं. मी सशाला मागून ढकलायला लागले. "जा ना मेल्या, जा ना!" म्हणत मी ढकलते आहे, तो नखं रोवून बसला आहे, आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी त्याच्या पाठीवर पडतं आहे, अशात आक्का आल्या. घर घटासाठी सारवून काढलं होतं. कोपरापर्यंत हात शेणाने भरलेले.

"सोड त्याला आधी," त्या म्हणाल्या. "ढकलून कुनी जातंय व्हय?"

मी हात काढला. त्यांनी सशाकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं, मग परसाच्या पलीकडच्या माळाकडे पाहिलं. "यकटं हाय त्ये. यकट्यानं भाईर कसं जायचं? सोबत नगं का?" आणि एकदम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू कुनासंगं जातीस?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मान खाली गेली. "एकटीच," मी म्हटलं.

"यकटी? आल्यापास्नं?"

"आमच्या कोकणात तसंच असतं. घरं लांब लांब, प्रत्येकीची आपली झाडी." इथे झाडी नव्हती, नुसता उघडा माळ होता. मी सगळ्यांच्या आधी, अंधारात उठून जात होते. हातात काठी असायची, कुत्र्यांच्या भीतीने दर दहा पावलांनी मागे बघायची आणि धावत परत यायची. हे मी ह्यांनाही सांगितलं नव्हतं. कसं सांगणार?

"आगं, आमी चौघी-पाचजनी रोज तुज्या दारावरनं जातो," आक्का म्हणाल्या. "आमाला वाटलं, कंपनीवाल्याची बायकू, हिला आमची सोबत नगं आसंल. म्हनून हाक मारली न्हाई." त्या जरा थांबल्या. "आन् तुलाबी त्वांड हुतं की. सांगायचं न्हाईस?"

आक्कांनी परसातल्या रांजणातून पाणी घेऊन हात धुतले आणि खोक्याच्या एका बाजूला जमिनीवर फतकल मारून बसल्या. मला म्हणाल्या, "तू हिकडं बस. पाठ कर त्याच्याकडं. बघत बसल्यावर कुनाला हुतंय?" मी दुसऱ्या बाजूला पाठ करून बसले. हे दारात वही घेऊन उभे होते. आक्का ओरडल्या, "आन् तुमी हो! हितनं जावा आधी!" हे वहीसकट जे गेले ते थेट नदीपर्यंत गेले.

मग आक्का बोलायला लागल्या. म्हैस कशी लाथ मारते, घटात पाच धान्यं कुठली घालतात, त्यांच्याकडे काय करतात. मी हूं हूं करत होते आणि सगळं लक्ष कानांत होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मागे एक हलकी उडी ऐकू आली. मग थांबल्यासारखं. मग आणखी एक. भुसा खसखसला. मी मान वळवणार तोच आक्कांनी माझ्या मांडीवर चापट मारली. "बघू नगं," त्या पुटपुटल्या, आणि पाच धान्यांतलं चौथं कुठलं ते सांगत राहिल्या. त्यांच्या ओठांच्या कडेला हसू फुटलं होतं.

ते झाल्यावर त्या उठल्या, लुगडं झटकलं आणि खोलीबद्दल चकार शब्द न काढता आपल्या घरात गेल्या. संध्याकाळी हे आले. पहिला प्रश्न सशाचा आणि दुसरा, "आक्का काय म्हणाल्या?" काय सांगणार? ट्रंक भरायची की नाही, हे मला खरोखरच कळत नव्हतं. शेवटी मी ती अर्धी भरली आणि उघडीच ठेवली.

पहाटे दाराची कडी वाजली. पुढच्या घरातून घटाच्या तयारीचा धुपाचा वास येत होता. मी दार उघडलं. दारात आक्का, त्यांच्यामागे आळीतल्या आणखी तिघी, डोक्यावरून पदर, प्रत्येकीच्या हातात तांब्या. त्या तिघींशी मी तोवर एक शब्दही बोलले नव्हते. त्यांतल्या एकीने माझ्या मागून खोलीत वाकून "कुटं हाय गं तुजं पांढरं?" असं विचारलं.

मी विचारलंच. "आक्का, खोली..."

"खोली कुटं पळून चाललीय?" आक्का म्हणाल्या. "तांब्या घे आन् चल. उजाडलं म्हंजी पंचाईत."

मी तांब्या घेतला आणि काठीही उचलली. आक्कांनी काठी माझ्या हातातून काढून भिंतीला टेकवून ठेवली. बायकांनी मला मधे घेतलं आणि आम्ही निघालो.